मुखात न येणारा पासवर्ड

"आधी कार्ड खाली आण, मग त्याचा पत्ता बदल, मग कार्ड वर ने. क्रम चुकवू नको, पुष्पा. आरतीच्या आधी कोणी प्रसाद वाटतं का?"

जानराव सर निवृत्त होऊन कधीचे अमरावतीला मुलाकडे गेले, पण युनिक्सच्या मशीनसमोर बसलं की त्यांचा हा आवाज अजून माझ्या कानात घुमतो. डोणगावच्या आमच्या कॉलेजात सर संगणक शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सांभाळायची. सर गेले, मशीन माझ्या पदरात पडलं. सगळ्या मुलांचे दाखले, निकाल, जन्मतारखा त्याच्या पोटात! त्याच्या पाठीला एक नेटवर्क कार्ड आहे. त्यात वायर खुपसली की मशीन बाकीच्या जगाशी बोलतं. कार्डाला आकड्यांचा एक पत्ता असतो. कार्ड 'वर' म्हणजे चालू, 'खाली' म्हणजे बंद. एवढंच शास्त्र आहे, घाबरू नका.

मी मुळात हळू बोलणारी बाई. वर्गात हजेरी घेतली तर पहिल्या बाकापलीकडे ऐकू जात नाही. पण एक गोष्ट मी मोठ्यानं सांगायची: कार्डाचा पत्ता बदलणं हे माझ्या डाव्या हाताचं काम आहे! उजव्या हातात जपमाळ असते म्हणून.

त्याच डाव्या हातानं मला कुठं नेलं ते ऐका.

कॉलेजात नवे संगणक आले. त्यांच्या पत्त्यांची मालिकाच वेगळी. जुन्या मशीनला त्या मालिकेतला पत्ता दिल्याशिवाय नव्यांना ते दिसेना. आणि नेमकं तेव्हाच माझं शेगावचं पारायण ठरलेलं. भक्तनिवासात खोली मिळालेली, रजा मंजूर. आमच्या ऑफिसातला गोकुळ बाबू हवालदिल झाला.

"ताई, तुम्ही शेगावले चालल्या, मंग मशीनचं कोन पाहीन?"

"तिथूनच पाहीन. लॅपटॉप नेते आहे."

"म्हंजे बैल डोणगावात अन् कासरा शेगावात?"

"गोकुळ, महाराज काय फक्त शेगावातल्यांचंच ऐकतात का?"

त्यानं हात जोडले. मलाही माझं उत्तर फार आवडलं. अहंकार हा असा येतो, पायात चपला न घालता!

पारायणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे अध्याय झाले आणि गोकुळचा फोन आला. प्रेरणा नावाची आमची बारावी झालेली मुलगी टीसी न्यायला आली होती. बुलढाण्याला नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. प्रवेशाचा शेवटचा दिवस आज, ऑफिस पाचपर्यंत. टीसी छापायची तर नव्या संगणकाला जुनं मशीन दिसायला हवं. आणि ते तर पत्ता बदलल्याशिवाय दिसणार नाही.

"फोन स्पीकरवर टाक," मी म्हटलं. "प्रेरणा, बाळा, तुझी टीसी दुपारच्या बसच्या आत तुझ्या हातात. पाचच्या आत तू बुलढाण्यात. माझा शब्द!"

"पाहा बरं बाई," मागून खरखरीत आवाज आला. ही तिची आजी, तानुबाई. "पोरीनं लय मेहनत केली. बाप म्हन्ते लग्न करून टाकू. मी म्हटलं आधी सुई टोचाले शिकू दे, मंग तुले पहिली टोचीन!"

मी चौरंगावर लॅपटॉप ठेवला. डोळे मिटले. सरांचं स्मरण केलं. आधी कार्ड खाली. आयएफकॉन्फिग, ईटीएच झिरो, डाऊन. एंटर!

पडदा थिजला.

मी एक कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सर हे सगळं मशीनसमोर खुर्ची टाकून करायचे. मी मात्र शेगावहून त्याच कार्डातून आत शिरले होते! विहिरीत उतरलेल्या माणसानं खालून हाक मारावी, "हं, आता दोर कापा!", तसं झालं. कार्ड खाली गेलं, मी बाहेर फेकली गेले. आता त्याला वर आणायला आत जायचं कुठून? कार्डातून. आणि कार्ड? खाली!

"ताई, झालं का?" गोकुळ.

"अर्धं झालं," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. तीन पायऱ्यांतली एक अगदी पक्की झाली होती. "तू आता मशीनसमोर जाऊन बस. मी सांगते तसं टाईप कर. आधी रूट, म्हणजे मशीनचा मालक, म्हणून आत शिर."

"शिरलो. पासवर्ड मागून राह्यलं."

मी जपमाळ उचलली.

"ताई? पासवर्ड?"

आता तुम्हाला सगळं सांगणं भाग आहे. सर जाताना बजावून गेले होते, "पासवर्ड असा ठेव की कधी चुकूनही तोंडातून निघू नये." मी खूप विचार केला. देवाचं नाव? ते तर दिवसभर तोंडात. गावाचं? एसटीत सतरांदा घ्यावं लागतं. मग सुचलं. असं एकच नाव या पृथ्वीवर आहे जे माझ्या तोंडातून निघणं शक्यच नाही. आमच्या यांचं!

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे विहिरीवरची मोटर काढताना शॉक लागून पडले. यांचं मोटर गुंडाळायचं दुकान, दिवसभर जिवंत तारांशी खेळ. मी तेव्हा नेम धरला: यांचं नाव मुखानं घेणार नाही, लेखणीनं लिहिणार नाही, यांचं आयुष्य वाढू दे. तुळशीला पाणी, पाखरांना दाणे, पोथीची ओवी आणि हा नेम, असे माझे रोजचे चार. एकही दिवस मोडलेला नाही.

तुम्ही म्हणाल, पासवर्ड टाईप करते ते लिहिणं नाही का? नाही! युनिक्समध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. ठिपकासुद्धा नाही. बोटं हलतात आणि पडदा कोरा. हे लिहिणं नव्हे, हा मनातला जप झाला. युनिक्स ज्यानं केलं त्याच्या घरी नक्कीच कोणी नेमधर्म पाळणारी बाई असली पाहिजे!

"गोकुळ, पासवर्ड म्हणजे... यांचं नाव आहे," मी म्हटलं.

"कोनाचं?"

"यांचं रे!"

"अच्छा! भाऊंचं! हे घ्या, टाकतो... बी, एच, ए, यू... नाई म्हन्ते, ताई."

नाहीच म्हणणार! दुकानावर पाटी 'भाऊ मोटर रिवाइंडिंग'. गाव भाऊ म्हणतं, गिऱ्हाईक भाऊ म्हणतं, लाईटबिल वाटणाराही भाऊ म्हणूनच हाक मारतो. माझी नोकरी लग्नाआधीची, म्हणून कॉलेजच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे वडील, रामराव. यांचं खरं नाव कॉलेजात कुण्णाला माहीत नव्हतं.

"तर मंग घ्या ना नाव!" ही शिपाई सिंधूताई. तीही आता मशीनच्या खोलीत शिरली होती. "उखान्यात घ्या! उखान्यात चालते!"

"माझा नेम उखाण्यालाही लागू आहे गं."

"लिहून पाठवा," गोकुळ म्हणाला.

"लेखणीलाही आहे."

"अन् पोरीचं अॅडमिशन?" गोकुळ रडकुंडीला आला. "ताई, दोन अक्षरं घेतल्यानं भाऊले काई होत नाई!"

आणि खरं सांगते, मी डगमगले. तिकडे ती मुलगी, बाकावर बसून बसच्या वेळेकडे डोळे लावलेली. इकडे हे, दुकानात उघड्या तारा दातानं सोलत बसलेले. मी ओठ उघडले सुद्धा. पण तानुबाईच मध्ये पडली.

"खबरदार घेतलं तर!" ती कडाडली. "काऊन बे बाबू, बाईले नेम मोडाले लावतं? तिचा मानूस करंटात काम करते अन् तू तिले नाव घेवाले लावून राह्यला! माह्या नातीच्या डोक्यावर कोनाच्या कुंकवाचं पाप नको!"

झालं! जिचं नुकसान व्हायचं होतं तीच माझ्या बाजूनं लढायला उभी राहिली. आता माघार घ्यायचीही सोय राहिली नाही.

"सासूबाईंना विचारा," मला एकदम सुचलं. "आई आहेत त्यांच्या. आईला मुलाचं नाव घ्यायला काय हरकत?"

गोकुळनं दुसऱ्या फोनवरून आमच्या घरी लावला आणि दोन्ही फोन एकमेकांना चिकटवले.

"आजी, तुमच्या पोराचं नाव काय हो?"

"कोनाचं? भाऊचं? भाऊच की!"

"खरं नाव आजी! शाळेतलं!"

सासूबाई लाजल्यासारख्या हळूच म्हणाल्या, "अरे बापा, ते कसं सांगू? त्याच्या आज्याचं नाव ठेवलं त्याले. माह्या सासऱ्याचं! सासऱ्याचं नाव सून घेते का कुठं? म्हनून तं पाळन्यातच त्याले भाऊ म्हटलं!"

"शाब्बास!" तानुबाई ओरडली. "घरानं म्हना तं असं!"

म्हणजे पाहा. आमच्या घरात हे नाव दोन पिढ्या कुणी उच्चारलेलंच नव्हतं. बँकांनी तिजोऱ्यांना लावावं असं नाव आमच्या चुलीपाशी पडून होतं.

"आता भाऊलेच लावतो," गोकुळ म्हणाला. मला हे सुचलं कसं नाही? ज्याचं त्यानं सांगावं, प्रश्न मिटला!

पण तुम्हाला आमचे हे माहीत नाहीत. आदल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत फोनवरच्या ठगांबद्दल एक कार्यक्रम झाला होता. हे पहिल्या रांगेत होते. घरी येऊन त्यांनी फ्रिजला सुद्धा ओटीपी न सांगण्याची ताकीद दिली होती.

"हॅलो भाऊ, तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

"तू कोन?"

"मी कॉलेजातून गोकुळ. तुमच्या नावाचा पासवर्ड..."

"पासवर्ड!" हे गरजले. "बरोब्बर असंच सांगतलं होतं त्या सायबानं! आधी ओळखीचं नाव सांगतात, मंग पासवर्ड मागतात! चाल, ठेव!" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर गोकुळचा नंबरच अडवून टाकलेला. मग सिंधूताईनं तिच्या फोनवरून लावला. तिला म्हणाले, "आता बाईमानूस बसोलं का फोनवर? सगळी टोळीच दिसते!"

मग मीच लावला.

"अहो, मी बोलते आहे. शेगावहून."

पलीकडून सावधपणे, "आवाज तं तिचाच आहे."

"मीच आहे हो!"

"आजकाल मशीनवर बायकोचा आवाजबी काढतात. कार्यक्रमात ऐकवला त्यायनं. माही बायको असशीन तं... माहं नाव घे!"

"अहो, काहीतरीच काय! मी कशी घेईन?"

"घे म्हन्तो ना!"

"जीव गेला तरी घेणार नाही!"

"हाव," ते निवांत झाले. "तूच आहेस. ठगानं लगेच घेतलं असतं. बोल, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, पत्ता, प्रेरणा, बस. ते ऐकून घेतात. माझं हळू बोलणं ऐकायची सवय फक्त त्यांनाच आहे.

"फोनवर नाई सांगत," ते म्हणाले. "फोनवर कोनालेच काई सांगाचं नाई. मी स्वतः जातो."

ते हेल्मेट घालून निघाले. दुकान ते कॉलेज, मधे एक हनुमानाचं देऊळ आणि दोन टपऱ्या. पण हेल्मेट हवंच. मशीनच्या खोलीत ते हेल्मेटसकट शिरले असं मला सिंधूताईनं कळवलं. मग स्वतःच्या मुखानं, सगळ्यांदेखत, त्यांनी आपलं नाव सांगितलं.

मी इकडे नळ सोडून ठेवला होता. ऐकण्याचा नेम नाही, पण उगाच कशाला? तुम्हालाही सांगणार नाही. हीसुद्धा लेखणीच आहे.

नळ बंद केला तेव्हा गोकुळ म्हणत होता, "नाई घेत, ताई."

"पुन्हा टाक."

"नाई घेत."

"नीट टाक रे! बोटं जाड आहेत तुझी!"

"तिसऱ्यांदाबी नाई म्हटलं. अन् आता मशीन रुसलं, ताई. थांबा म्हन्ते. जरा वेळानं या म्हन्ते."

हेही सरांचंच. चुकीचा पासवर्ड लागोपाठ तीनदा पडला की मशीन काही वेळ कुणालाच दारात उभं करत नाही. आम्ही सगळे त्याच्या रुसव्यापुढे हात जोडून बसलो. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर मोठा भोंगा वाजला.

"बस," प्रेरणा म्हणाली. पहिल्यांदाच बोलली बिचारी. "गेली."

ठरलेल्या बसचा मी दिलेला शब्द धूळ उडवत मेहकरच्या दिशेनं निघून गेला.

"माहं नाव माहंच आहे ना?" हे कुजबुजले. एवढा पक्का माणूस, पण मशीननं तीनदा नाकारल्यावर त्यांनाही शंका यायला लागली. "आधार कार्ड पाहतो, थांबा."

आणि मला आठवलं. माझे कान तापले. खोलीत मी एकटीच होते तरी मी पदर सावरला.

"गोकुळ," मी म्हटलं, "तू नुसतंच नाव टाकलंस का?"

"मंग अजून काय टाकाचं?"

"अरे... त्यापुढे राव लाव."

"काय?"

"राव! नुसतं नाव कसं टाकीन मी? ते काय माझ्या बरोबरीचे आहेत का? एकेरी वाटतं!"

पलीकडे हे खाकरले. आनंदानं खाकरले, मला कळतं.

मशीनचा रुसवा सरला. गोकुळनं नाव टाकलं, पुढं राव लावला, आणि मशीन मानानं बाजूला सरलं. मी सांगितलं तसा त्यानं पत्ता बदलला, कार्ड वर घेतलं. कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला म्हणे. सिंधूताईनं टाळ्या वाजवल्या. तानुबाईनं मशीनला कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

"ताई," गोकुळ हळूच म्हणाला, "एक विचारू? मशीनचं बटन दाबून बंद-चालू केलं असतं, तं कार्ड आपोआपच वर आलं असतं का?"

आलं असतं. अगदी जुन्या पत्त्यासकट, आणि मी शेगावहूनच आत शिरून नवा पत्ता दिला असता. तेव्हाच्या तेव्हा. ना पासवर्ड, ना सासूबाई, ना हेल्मेट.

"गोकुळ," मी म्हटलं, "टीसी छाप."

टीसी छापली. पण बस गेली होती, पुढच्या बसनं पाचच्या आत बुलढाणा गाठणं अवघड. हे म्हणाले, "माह्या गाडीवर नेतो पोरीले." आमचे हे चौकाबाहेरही सायकलच्या वेगानं गाडी चालवतात, आणि आता बुलढाणा! सिंधूताई चपापली, "एकटीले? आजी, तुम्ही..."

"मी काय नर्स होवाले चालली?" तानुबाई म्हणाली. "जाऊ द्या पोरीले. ज्याची बायको त्याच्या पाठीमांगंसुद्धा नावाले राव लावते, तो मानूस वाईट असू शकत नाई."

सिंधूताईनं घरून नवऱ्याचं हेल्मेट आणवून प्रेरणाच्या डोक्यावर चढवलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. हात जोडले. एवढ्यात गोकुळची किंकाळी!

"ताई! टीसी टेबलावरच राह्यली!"

ते फाटकाबाहेर पडले होते. सिंधूताई धावली, गोकुळ धावला, वऱ्हांड्यातली पोरं धावली. आणि आता तर सगळ्यांना नाव माहीत होतं! सगळं कॉलेज एका सुरात यांच्या नावानं ओरडायला लागलं. दोन पिढ्या जे नाव आमच्या उंबऱ्याच्या आत सांभाळलं, त्याचा डोणगावच्या रस्त्यावर गजर झाला. मी कानांवर हात ठेवले.

आणि यांनी वळून पाहिलं का? छे! जन्मात कुणी त्या नावानं हाक मारलीच नव्हती. ते समजले, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. आपलं सरळ रस्त्यानं चालले, हात दाखवत, इंडिकेटर देत!

"भाऊ म्हणून ओरडा!" मी म्हटलं.

"ओरडलो! हेल्मेटात ऐकू येत नाई! अन् चौकातले निम्मे भाऊच आहेत, तेच परत येऊन राह्यले!"

गोकुळचं मात्र ऐनवेळी डोकं चाललं. ऑफिसात प्रार्थनेचा माईक असतो, त्याचा भोंगा गच्चीवर, बाजाराकडे तोंड करून. त्यानं माईकचं बटण दाबलं आणि माझा फोन त्याला लावला.

"ताई, मारा हाक!"

"कशी? नाव..."

"नेहमी मारता तशी मारा!"

मी डोळे मिटले. जिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही त्या बाईनं, शेगावच्या खोलीत, पोथीसमोर बसून, सगळा जीव एकवटून हाक मारली:

"अहो!"

ती हाक भोंग्यातून अख्ख्या डोणगावावर पसरली. आणि तानुबाई शपथेवर सांगते, बाजारातला झाडून एकेक नवरा जागच्या जागी थांबला. भाजीवाल्यानं तागडी सोडली. एकानं चहाची बशी तशीच ओठाला धरून ठेवली. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला माणूस साबणासकट उठून घराकडे निघाला. एक म्हातारबुवा, ज्यांच्या घरच्या बाईंना जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तेही "आलो, आलो" म्हणत उठून उभे राहिले.

आणि चौकापलीकडे एका गाडीचा लाल दिवा लागला.

सिंधूताई धापा टाकत मला एकेक सांगत होती. भाऊ वळले. भाऊ परत आले. भाऊंनी टीसी घेतली, रुमालात गुंडाळली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, वर बटण लावलं.

"काही म्हणाले का गं?" मी विचारलं. "चिडले का?"

"काईच नाई वो ताई. मले एवढंच इचारलं, पुष्पानं पोरीले पाचाचा शब्द देला ना? मी म्हटलं हाव. त्यायनं हेल्मेटाचा पट्टा घट्ट केला, पोरीले म्हटलं, बेटा, धरून बस. अन् गेले."

"हळू गेले का?"

फोनमध्ये बाजारातला गलका ऐकू येत होता. घरोघरचे पुरुष आपापल्या बायकांना विचारत होते, काय झालं, काऊन हाक मारली.

"नाई," सिंधूताई म्हणाली. "आज नाई."